अनुभव धागा: पदवी झाली, मुलं झाली, आणि मग नर्सिंगला प्रवेश

गिरगावची

माझ्या धाकट्या जावेला जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी, नर्सिंगची पदविका) करायचं आहे. ती बी.कॉम. आहे, लग्नाआधीपासून हिशेबाच्या नोकरीत होती, मुलगा यंदा पहिलीत गेला. सासऱ्यांच्या आजारपणात रुग्णालयात त्यांच्याजवळ तीच असायची, तेव्हापासून तिच्या मनाने हे घेतलंय. घरात विरोध नाही. 'या वयात परत युनिफॉर्म?' असं विचारणारे आहेत, त्यांच्यासाठी हा धागा नाही. मुंबईत आणि आसपास हे शिक्षण मुलाबाळांसकट केलेल्यांनी सविस्तर लिहावं अशी विनंती आहे.

आम्हाला कळलेलं आधी सांगते, म्हणजे तिथून पुढे बोलता येईल. जीएनएम 3 वर्षांचं. बारावी कुठल्याही शाखेची चालते, इंग्रजी हवं आणि किमान 40 टक्के. बी.एस्सी. नर्सिंग 4 वर्षांचं, त्याला बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी लागतं. वय 17 ते 35. आधीच्या पदवीमुळे एक दिवसही कमी होत नाही. म्हणून सगळ्यात जास्त हेच विचारायचं आहे की या वर्षांत मूल कोणाजवळ होतं, आणि ते कसं ठरवलंत?

बदलापूरकर

मीही बी.कॉम.च. प्रवेश घेतला तेव्हा मुलगी बालवाडीत होती, नवरा अंबरनाथच्या एमआयडीसीत शिफ्टला. आता दक्षिण मुंबईत स्टाफ नर्स आहे.

मूल कोणाजवळ, याचं एक उत्तर नसतं. सुरुवातीचे महिने वर्गात जातात, वेळ शाळेसारखी असते, घरच्यांना वाटतं की जमलं. मग वॉर्ड सुरू होतो. मॉर्निंग ड्युटीला वेळेवर उभं राहायचं तर बदलापूरहून पाचच्या सुमाराची गाडी. तेव्हा मूल झोपलेलं. त्याला उठवणारं, डबा भरणारं, रिक्षात बसवणारं माणूस हवं. इव्हिनिंग असली की घरी पोचायला रात्रीचे अकरा होतात, म्हणजे जेवू घालून झोपवणारं माणूस हवं. आणि नाइट करून आलात की तुम्ही घरात असता, पण तुम्हाला झोप हवी असते. ही वेळ सगळे विसरतात. आम्ही तीन ड्युट्यांचे तीन तक्ते केले आणि प्रत्येक वेळेपुढे एका माणसाचं नाव लिहिलं. 'बघू', 'असेल कोणीतरी' असं एकाही रकान्यात राहू दिलं नाही. नवऱ्याची शिफ्ट बदलली की तक्ता त्याच रात्री बदलायचा.

दुपारी मुलगी शेजारच्या काकूंकडे असायची. काकू पैसे नको म्हणत होत्या. मी पहिल्या महिन्यापासून दिले, पाळणाघराला दिले असते तेवढेच. यात माझं मत ठाम आहे. शेजारधर्मावर दोन-चार आठवडे निघतात, तीन वर्षं निघत नाहीत. पैसे देत होते म्हणून 'गाडी कल्याणला अडकली, उशीर होतोय' हे संकोच न करता सांगता यायचं, आणि काकूंनाही 'गुरुवारी मी गावाला जातेय' असं मोकळेपणाने म्हणता यायचं.

आधीच्या शिक्षणाचं म्हणाल, तर मला ते कामाला आलं. सलाइनचे थेंब मोजायचं गणित ऐकून वर्गातल्या मुली घाबरायच्या. 500 मिली 4 तासांत द्यायचं, सलाइनची नळी (सेट) एका मिलीचे 20 थेंब पाडणारी, म्हणजे 500 गुणिले 20 भागिले 240 मिनिटं, मिनिटाला साधारण 42 थेंब. मी आयुष्यभर व्हाउचर तपासले होते. आकडा लिहिला की दुसऱ्या वाटेने पडताळायचा, ही सवय हातात होती. औषधाच्या डोसात ती सवय फार मोलाची आहे. जाऊबाईंना नक्की सांगा.

डोंबिवलीकर

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. पदवीची मार्कशीट कोणी बघत नाही, बारावीची बघतात. ती आणि शाळा सोडल्याचा दाखला आधी शोधून ठेवा. मधल्या वर्षांसाठी गॅपचं अ‍ॅफिडेव्हिट लागतं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला, शिवाय नावबदलाची राजपत्रात नोंद करून घेतलेली बरी. कॉलेजची मान्यता महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या यादीत स्वतः बघा. माझ्या चुलतबहिणीला एका क्लासवाल्याने सहा महिन्यांचा 'नर्सिंग'चा कोर्स विकला. त्यावर कौन्सिलकडे नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय स्टाफ नर्स होता येत नाही. पैसे गेले ते गेलेच.

सायनकडची

माझी पहिली पदवी मायक्रोबायॉलॉजीची. काही वर्षं लॅबमध्ये होते, दोन मुलं झाली, आणि मग बी.एस्सी. नर्सिंग. माझ्याकडे सासूबाई होत्या, त्यामुळे मूल कोणाजवळ हा प्रश्न मला बदलापूरच्या ताईंइतका पडला नाही. पण धाकटी सव्वा वर्षाची होती आणि अजून अंगावर पीत होती. ड्युटीवर पान्हा दाटून यायचा. हे कोणी सांगत नाही म्हणून लिहितेय. ट्यूटरबाईंना स्पष्ट सांगितलं, त्यांनी दूध काढायला जागा आणि दहा-पंधरा मिनिटं दिली. विचारायला लाजू नका.

सायनच्या रुग्णालयातल्या दूधपेढीबद्दलही सांगायचं आहे. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये सुरू केलेली ही आशियातली पहिली दूधपेढी. अपुऱ्या दिवसांची, किलो-सव्वा किलोची बाळं, ज्यांच्या आयांना अजून दूधच आलेलं नाही, त्यांना दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध मिळतं. ते 62.5 अंशांवर 30 मिनिटं पाश्चराइझ करतात आणि कल्चर करून, म्हणजे जंतू वाढतात का ते तपासूनच वापरतात. तापमान, वेळ, कल्चर ही माझी जुनी भाषा. पण लॅबमध्ये नमुन्यावर फक्त नंबर असायचा. त्या नंबरापलीकडच्या माणसाजवळ जायचं होतं म्हणून मी इकडे आले.

लेबर रूममध्ये मला सोपं जाईल असं सगळ्यांना वाटायचं, दोन बाळंतपणं झालेली ना. ट्यूटरबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं की स्वतःची बाळंतपणं दाराबाहेर ठेवून यायचं. समोरच्या बाईची कळ किती मिनिटांनी येते, किती सेकंद टिकते, बाळाचे ठोके काय, पार्टोग्राफवरची (प्रसूती कशी पुढे सरकतेय त्याच्या आलेखावरची) रेघ कुठे चालली आहे, तिकडे लक्ष. आमच्या वेळी केसबुकात स्वतः केलेल्या 20 प्रसूती लागायच्या. प्रत्येक बाळाचा अपगार स्कोअर, म्हणजे जन्मल्यावर बाळ कसं आहे त्याचे गुण, पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला. वीसही बायका वेगळ्या. त्यातली एकही माझ्यासारखी बाळंत झाली नाही.

नालासोपारा फास्ट

लहान मूल घरात असेल तर वॉर्डातून काय घेऊन येऊ, ही भीती वाटतेच. हेपॅटायटिस बीचे 3 डोस असतात, पहिल्यानंतर एका महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. वॉर्ड सुरू व्हायच्या आधी सुरुवात करा. टीबीच्या रुग्णाजवळ एन-95, साधा मास्क नाही. सुई टोचली तर बोट पिळू नका, साबण-पाण्याने धुवा आणि लगेच इंचार्ज सिस्टरला सांगा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आतच उपयोगी, आणि जितकी लवकर तितकी चांगली. 'ओरडतील' म्हणून लपवणाऱ्या मुली मी पाहिल्यात. मूल असलेल्या बाईने तर अजिबात लपवू नये. युनिफॉर्म वेगळा धुवायचा, आंघोळ करून मगच लेकराला घ्यायचं.

ब्रदर, कळवा

बाबा लोकांनी लिहायला चालेल ना? मी बी.ए. झालो. 2020 मध्ये बीकेसीच्या जंबो कोविड केंद्रात डेटा एन्ट्रीला होतो. पीपीई किटमध्ये घामाने निथळणारे ब्रदर आणि सिस्टर पाहिले आणि पुढच्या प्रवेशाला जीएनएमचा फॉर्म भरला. बायको बँकेत, मुलगी तेव्हा चार वर्षांची. तिची वेणी, डबा, अभ्यास माझ्याकडे आणि रात्र बायकोकडे, असं वाटून घेतलं होतं.

मी मुलीला सांभाळून शिकतो म्हणून सगळीकडे माझं कौतुक व्हायचं. माझ्याच वर्गात दोन मुलांची आई असलेल्या एक ताई होत्या. पहाटे स्वयंपाक करून यायच्या, अ‍ॅनाटॉमीत वर्गात पहिल्या. त्यांना मात्र 'मुलांचे हाल होत असतील' एवढंच ऐकायला मिळायचं, तेही शिकलेल्या माणसांकडून. मला याचा आजही राग येतो. जाऊबाईंना असं कोणी म्हणालं, तर घरातल्या मोठ्यांनी तिथल्या तिथे उत्तर द्यावं. ते काम तिच्यावर सोडू नका.

माटुंग्याचा

माझ्या आईने मी सहावीत असताना प्रवेश घेतला. ती एम.ए. मराठी. मुलाच्या बाजूने लिहितो.

तिच्या परीक्षा आणि माझ्या परीक्षा बरोबरच यायच्या. जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसायचो. हृदयाचे चार कप्पे आणि झडपा मी तिच्या वहीतून शिकलो, शाळेत तो धडा यायच्या कितीतरी आधी. वाईट फक्त नाइटचं वाटायचं. एवढ्या मोठ्या इमारतीत रात्रभर आई एकटी, असं डोक्यात बसलं होतं. तेव्हा तिने मला कामा रुग्णालयातल्या सिस्टर अंजली कुलथे यांच्याबद्दल सांगितलं. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री अतिरेकी आवारात शिरले, तेव्हा त्यांनी वॉर्डातल्या 20 गरोदर बायकांना आतल्या पँट्रीत नेलं आणि दारं लावून घेतली. एकीला त्यातच कळा सुरू झाल्या, तिला भिंतीच्या कडेकडेने लेबर वॉर्डात पोचवलं. माझी भीती गेली नाही, वाढलीच. पण आई रात्री कशासाठी जाते ते समजलं. मुलांना कामाबद्दल खरं सांगा, ती समजून घेतात. आणि ड्युटीचा तक्ता त्यांनाही वाचता येईल असा लावा. आई आज कधी येणार हे मला कोणाला विचारावं लागायचं नाही, याचा फार आधार होता.

वसईची

मी पहिल्या वर्षानंतर सोडलं. मुलाला दम्याचा त्रास वाढला, पावसाळ्यात दर आठवड्याला नेब्युलायझेशन, आणि घरात दुसरं मोठं माणूस नाही. हा निर्णय मी पूर्ण विचाराने घेतला आणि तो बरोबर होता. हे मुद्दाम लिहितेय, कारण अशा धाग्यांवर पूर्ण केलेलेच लिहितात. एक विचारून ठेवा: मध्ये खंड पडला तर परत घेतात का, फी परत मिळते का, मूळ कागदपत्रं लगेच देतात का. आमच्या कॉलेजने माझी मूळ मार्कशीट कित्येक महिने अडकवून ठेवली होती.

मुलुंड ते एडिसन

मी न्यू जर्सीत आहे, त्यामुळे तुमच्या उपयोगाचं थोडंच. इथे दुसरी पदवी म्हणून नर्सिंग करणाऱ्यांसाठी वेगळा जलद अभ्यासक्रम असतो, साधारण 11 ते 18 महिन्यांचा. आधी कोणत्याही विषयाची पदवी आणि अ‍ॅनाटॉमी, मायक्रोबायॉलॉजी, स्टॅटिस्टिक्स असे काही विषय पूर्ण लागतात, शेवटी नर्सच्या परवान्यासाठीची एनक्लेक्स परीक्षा. ऐकायला छान वाटतं. पण चार वर्षांतलं काम त्या महिन्यांत कोंबलेलं असतं, नोकरी करता येत नाही, आणि माझ्या तिथल्या वर्गातल्या आयांनी मुलं अक्षरशः झोपलेलीच पाहिली. मी आईला मुलुंडहून बोलावलं, ती सहा महिने राहिली, नंतरचे महिने फार कठीण गेले. जाऊबाईंची तीन वर्षं लांब वाटतात खरी, पण त्यात श्वास घ्यायला जागा आहे.

निवृत्त ट्यूटर, परळ

वाचून बरं वाटलं. माझ्या हाताखालून अशा बऱ्याच आया गेल्या. 1891 मध्ये बाई काशीबाई गणपत याच शहरात नर्सिंगचं प्रशिक्षण घ्यायला आल्या, तसं शिकणाऱ्या सुरुवातीच्या भारतीय बायकांपैकी त्या एक, त्यांचं नाव आम्ही पहिल्या वर्षाला शिकवतो. तेव्हापासून घर सोडून येणाऱ्या बायकांचाच हा पेशा आहे.

हजेरीबद्दल कोणीच लिहिलं नाही. परीक्षेला बसायला 80 टक्के लागते, पण प्रमाणपत्र हातात पडायला क्लिनिकलची, म्हणजे वॉर्डातल्या कामाची, 100 टक्के पूर्ण करावी लागते. मुलाच्या तापासाठी घेतलेली प्रत्येक सुट्टी पुढे भरून द्यायची असते. म्हणून सुट्ट्या राखून ठेवा, सणासमारंभात संपवू नका. पावसाळ्यात सायन-कुर्ल्याला रुळांवर पाणी आलं की लांबच्या मुली अडकतात. त्या दिवसांसाठी परळ-दादरला कोणाकडे तरी रात्री मुक्कामाची सोय आधीच बोलून ठेवावी. वसतिगृह सक्तीचं आहे का, हे प्रवेशाआधी लेखी विचारावं. काही ठिकाणी आईला सूट देतात, काही ठिकाणी देत नाहीत, आणि हे प्रवेशानंतर कळलं तर फार त्रास होतो.

मोठ्या वयाच्या विद्यार्थिनी सुरुवातीला हळू लिहितात, इंग्रजी पुस्तकाला घाबरतात. सहा महिन्यांनी त्याच रुग्णाशी सगळ्यात नीट बोलत असतात. जीएनएमनंतर नर्सिंगची पदवी घ्यायला 2 वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. आहे. मूल जरा मोठं झाल्यावर तेही करता येतं, घाई नको.

गिरगावची

सगळ्यांचे मनापासून आभार. जाऊबाई शेजारीच बसली आहे. तक्ता करायला घेतला. मॉर्निंगच्या सगळ्या रकान्यांत माझं नाव आहे, इव्हिनिंगला दीर. नाइटनंतरच्या दुपारचा रकाना अजून रिकामा आहे, माझी शिवणाची ऑर्डर असते तेव्हा. बारावीला तिला 58 टक्के आहेत, वय 33, म्हणजे फॉर्म याच वर्षी भरलेला बरा. बदलापूरच्या ताई, तिला तुमच्याशी बोलायचं आहे, चालेल का?

बदलापूरकर

चालेल, आनंदाने. या आठवड्यात माझी नाइट आहे, तेव्हा चारनंतर फोन करायला सांगा. आणि त्या दुपारच्या रकान्यासाठी इमारतीतली एखादी कॉलेजची मुलगी बघा. दोन तास अभ्यास घेईल, तिचाही खर्च निघेल.