बिलीबिन यांच्या चित्रांची ‘वसिलिसा’: मूळ आवृत्ती की पुनर्मुद्रण, आणि बांधणी करावी काय?

धरमपेठचा वाचक:
गेल्या रविवारी नागपुरात सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला ‘सुंदर वसिलिसा’ या रशियन परीकथेची मोठ्या आकाराची, मोजक्या पानांची पुस्तिका मिळाली. उखळात बसून मुसळाने वाट हाकणारी आणि मागच्या खुणा झाडूने पुसत जाणारी चेटकीण बाबा यागा तिच्यात आहे. चित्राच्या कोपऱ्यात १९०० हे साल आहे, मात्र मलपृष्ठावर किंमत कोपेकमध्ये (रुबलच्या शंभराव्या भागात) छापली आहे. पिना गंजून मधली पाने सुटली आहेत. ही मूळ आवृत्ती असेल काय, आणि बाइंडरकडून जाड पुठ्ठ्यात बांधून घेतली तर चालेल काय? मजकुराच्या एका पानाचे छायाचित्र जोडले आहे.

जुनी छपाई:
१९०० हे साल चित्राचे आहे, पुस्तकाचे नव्हे. नोटा आणि सरकारी कागदपत्रे छापणाऱ्या सेंट पीटर्सबर्गच्या सरकारी छापखान्यासाठी इव्हान बिलीबिन (१८७६–१९४२) यांनी १८९९ पासून ही चित्रे काढली आणि सहा पुस्तिकांची ती माला १९०१ ते १९०३ या काळात प्रसिद्ध झाली. १९१८ च्या लेखनसुधारणेपूर्वी व्यंजनाने संपणाऱ्या रशियन शब्दांच्या शेवटी उच्चार नसलेले एक चिन्ह लिहीत असत. तुमच्या पानावर ते कुठेही नाही, त्यामुळे कोपेकमध्ये छापलेली किंमतही लक्षात घेता ही प्रत सोव्हिएत काळातले पुनर्मुद्रण आहे. तरीही भिंगातून पाहा: मूळ प्रती रंगीत शिळाछापाच्या आहेत, तर ऑफसेटमध्ये रंग एकसारख्या ठिपक्यांच्या जाळीत फुटलेला दिसतो. हुबेहूब नक्कल केलेल्या प्रतीत जुने लेखनही तसेच येते, म्हणून संग्राहकाने केवळ अक्षरांवर विसंबू नये.

महालमधील संग्राहक:
पुनर्मुद्रण असले तरी कृपया ती बाइंडरकडे देऊ नका. बांधणीनंतर तिन्ही बाजूंनी कटाई होते, आणि बिलीबिन यांच्या पानात चौकट ही चित्राभोवतीची शोभा नसून चित्राचाच भाग असते. जाड काळी रेषा, सपाट रंग आणि नक्षीची पट्टी यांचा तोल त्यांनी पूर्ण पान डोळ्यांसमोर ठेवून साधलेला आहे, त्यामुळे कडेचा थोडा कागद गेला तरी तो तोल बिघडतो. माझ्या एका पुस्तिकेचे असे झाले आहे आणि आजही ती उघडताना वाईट वाटते. गंजलेल्या पिना अलगद काढा, त्याच छिद्रांतून सुती दोरा ओवा आणि सेलोटेप मुळीच लावू नका. पुस्तिका आम्लरहित कागदात गुंडाळून आडवी ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरचा दमट झोत थेट कपाटावर येतो. तेवढी जागा टाळा, आणि पावसाळ्यात कसर लागली नाही ना, हे पाहत राहा.

धरमपेठचा वाचक:
आपणा दोघांचेही आभार. भिंगातून पाहिले, ठिपक्यांची जाळी स्पष्ट दिसते. बांधणीचा विचार सोडला आहे. पिना काढून झाल्या, आज संध्याकाळी दोरा ओवणार आहे.