रीगल का जेल? बी. बी. किंगची कोणती लाइव्ह रेकॉर्ड तुमाले भावते?

पऱ्हाटीवाला (घाटंजीकडचा)
राजेहो, एक विचारतो, हासू नका. सध्या रोज रात्री हरभऱ्याच्या वावरात माळ्यावर जागलीले असतो. डुकरांनी उच्छाद मांडला हाय. संगं बॅटरी, फटाके अन् पुतण्याचा ब्लूटूथ स्पीकर. त्याच पुतण्यानं बी. बी. किंगच्या दोन रेकॉर्डी मोबाइलमंदी भरून देल्या. हा अमेरिकेतला काळा गडी, गिटार वाजवून ब्लूज म्हंजे तिकडच्या काळ्या लोकांची दुखाची गाणी गायचा. एक शिकागोच्या रीगल थिएटरातली, २१ नोव्हेंबर १९६४ ची. दुसरी त्याच गावच्या कुक काउंटी जेलातली, १० सप्टेंबर १९७० ची.

जो तो म्हणते रीगलच्या वर काही नाही. मले तं त्यात बायांच्या किंचाळ्याच जास्त आयकू येते. गडी एक सूर लांबवते न लांबवते, का ह्या सुरू! जेलात कसं, सुरुवातीलेच शेरीफ अन् जजचं नाव घेतलं का कैदी हुर्यो करतात, अन् अशा तापलेल्या लोकांपुढं हा मानूस वाजवाले उभा राह्यते. वरून ‘द थ्रिल इज गॉन’ जेलातच हाय. रीगलवर कुठून राहीन, त्याचं थे गाणं आलं १९६९ ले.

दुसरं म्हंजे, हा मिसिसिपीत कापूस वेचून मोठा झालेला. वावर मालकाचं, मेहनत ह्यांची, आपल्या बटईवानी. म्हणून वाटलं का काही तरी ओळखीचं सापडन. रीगलवर तं तो मले कोन्या सावकाराच्या लग्नात सूट घालून गायल्यासारखा वाटते. माहं काही चुकते का?

हार्मोनियमवाला_वडसा
भाऊ, तुम्ही ओरडणं गाण्याच्या बाहेरचं समजता, तिथंच गडबड आहे. मी दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीच्या नाटकांत पेटीवर बसतो. रात्रभराचं नाटक, थंडी मरणाची, समोर पाच गावची माणसं. पब्लिक गप्प बसली की आमचे हात गारठतात.

रीगलवर पहिलं गाणं झाल्यावर तो काय म्हणतो ते नीट ऐका. आता जुनी गाणी काढतो, एखादं आठवलं तर आवाज करून कळवा, असं तो स्वतःच सांगतो. म्हणजे आमंत्रण त्याचंच! आणि गाता गाता वाजवणं त्याला जमत नव्हतं, हे त्यानंच कबूल केलेलं. आधी गळा, मग गिटार उत्तर देणार. रीगलवर तिसरी बाजू पब्लिकची. ‘हाउ ब्लू कॅन यू गेट’ घ्या. दहा डॉलरचं जेवण घातलं तर बायको म्हणते नाश्ता छान होता. मग तो ओरडतो, तुला सात पोरं दिली, आता ती परत द्यायला निघालीस! तिथं जो हलकल्लोळ होतो त्याला मी टाइमिंग म्हणतो. आमच्या विनोदी नटानं ती जागा दहादा ऐकावी.

डीजे_दारव्हा
एका डब्ब्या स्पीकरवर किंचाळ्याच आयकू येईन ना बाप्पा. हेडफोन लाव.

पऱ्हाटीवाला (घाटंजीकडचा)
हेडफोन लावून जागली करू? अन् हरभरा कोन खाईन, तू का डुक्कर?

वर्ध्याची_मास्तरीण (निवृत्त)
पऱ्हाटीवाले भाऊ, जेलची रेकॉर्ड मलाही आवडते, पण तुमचं सुटाचं बोलणं पटलं नाही. कापूस वेचणाऱ्यानं सूट का घालू नये? माझी आई दुसऱ्याच्या वावरात वेचणीला जायची. बोटांना बोंडाच्या काट्यांचे ओरखडे असायचे, पण पोळ्याच्या दिवशी पेटीतली नऊवारी नेसून निघाली की ओळखू यायची नाही.

रीगल हे शिकागोच्या दक्षिण भागातलं, काळ्या वस्तीतलं थिएटर. त्या वस्तीतली कितीतरी घरं मिसिसिपीकडून, कापूस मागे टाकून आलेली. तुम्हाला खटकणाऱ्या त्या किंचाळ्यांत अशा घरच्या लेकीबाळी असणारच. सावकाराच्या लग्नातले वऱ्हाडी नव्हेत ते, वेचणीवाल्याच घरची माणसं, ठेवणीतले कपडे घालून आलेली. आपल्या गावचा पोरगा मोठा होऊन स्टेजवर आला तर आपण काय हाताची घडी घालून बसणार?

बाकी ही रेकॉर्ड २००५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदणीत घेतली गेली असली, तरी खुद्द किंगचं म्हणणं होतं की रीगलपेक्षा सरस कार्यक्रम मी शेकड्यानं केलेत. त्यामुळे हीच सर्वोत्तम असं मीही म्हणत नाही. ‘एव्हरी डे’ मात्र दोन्हींवर ऐका. जेलात ते गाणं तो अगदी घाईत उरकतो. मला ते कायम खटकलं.

पऱ्हाटीवाला (घाटंजीकडचा)
मास्तरीणबाई, काल तुमचं वाचूनच माळ्यावर चढलो. सात पोरांचं गाणं पह्यले रीगलचं लावलं, मग जेलचं. पेटीवाले भाऊ म्हणतात थे खरं हाय. वेचणीत आमच्या इथं एक म्हातारी हाय, ओटी भरता भरता आपल्या नवऱ्यावर असं काही बोलते का ओळीतल्या साऱ्या बाया एकदम फिसकतात. आवाज डिट्टो तोच. मी किंचाळ्या आयकत होतो, त्या हासत होत्या. सुटाचे शब्द वापस घेतो.

पन ‘वरी, वरी’ हे बी दोन्हीकडं हाय, अन् त्यात मी जेलाच्याच बाजूनं. तिथं तो घाई करत नाही, लय लांबवते. रात्री दोन वाजता, धुकं पडलेलं, दूर कुठं तरी कोल्हेकुई, अन् हा आपला एकेक सूर मोजून टाकते. त्या वक्ती मले कोनाचं हासणं नाही पाह्यजे.

डीजे_दारव्हा
अन् डुकरं?

पऱ्हाटीवाला (घाटंजीकडचा)
रीगल सुरू असलं का फिरकत नाहीत. काल जेल आयकत बसलो अन् नाल्याकडच्या चार ओळी साफ.