तुमचे नाव कोणी ठेवले, आणि का? (अनुभव धागा)

बारशाला आत्या बाळाच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगते. पण तेच नाव का, याचे उत्तर घरागणिक वेगळे मिळते. कोल्हापूर परिसरातील वाचकांनी आपल्या घरातील हकिकत लिहावी, ही विनंती. आमचे कुलदैवत जोतिबा असल्याने दर पिढीत एक ज्योतिराम ठरलेला. त्याच दैवतावरून महात्मा फुले यांचे नावही जोतीराव ठेवले गेले.

शिरोळ : आमच्या जैन घरात आजोबा बाळगोंडा, तर चुलत आजोबा आदगोंडा. गौडा म्हणजे गावचा पाटील. सीमेपलीकडच्या कानडीतला हा मान आमच्याकडे नावाच्या शेपटाला 'गोंडा' होऊन राहिला आणि पुढे आदिनाथ, नेमिनाथ अशा तीर्थंकरांची नावे जोडली गेली. सातबाऱ्यावर अजून बाळगोंडाच आहेत, दूध संस्थेत मात्र सगळे त्यांना बाळूअण्णा म्हणत. माझ्या पिढीत सगळे अभिषेक आणि सम्मेद झाले, याची मला थोडी हळहळ वाटते.

कागल : आम्ही मराठा, आणि वडिलांचे नाव पिराजी, कारण आजीने गैबी पिराला नवस बोलला होता. यात गावात कोणाला काही वावगे वाटले नाही. इथल्या जहागीरदार घाटगे घराण्यातही पिराजीराव होऊन गेले. त्याच घराण्यातले यशवंतराव 1884 मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले.

शुक्रवार पेठ : दत्तकाचे नाव बदलते तसे आम्हा बायकांचेही बदलत असे. लग्नानंतर ताटात तांदूळ पसरून त्यावर यजमानांनी अंगठीने माझे नवे नाव लिहिले आणि सासूबाईंनी लगेच त्याच नावाने हाक मारली, तेव्हा मी ओ दिलीच नाही, कारण हाक मला आहे हे ध्यानातच आले नाही. शाळेच्या दाखल्यावर एक नाव, रेशन कार्डावर दुसरे, त्यामुळे पुढे प्रतिज्ञापत्रे करता करता पुरेवाट झाली. माहेरी गेले की मात्र अजूनही जुनेच नाव चालते.

राधानगरी : आधीची भावंडे जगली नाहीत, म्हणून मला जन्मताच केरावर ठेवून उचलले आणि केरबा म्हटले, टाकाऊ वस्तूवर कोणाची नजर पडत नाही, हा त्यामागचा हिशेब. दगडू, धोंडू ही नावे त्याच जातीची. नकुशीची गोष्ट मात्र निराळी, तिथे मूलच नको असते. सातारा जिल्ह्यात 2011 मध्ये अशा 285 मुलींना समारंभपूर्वक नवी नावे दिली गेली, हे फार बरे झाले.

गोकुळ शिरगाव : कारखान्यातल्या माझ्या तमिळ सहकाऱ्याला आडनावच नाही, नावाआधीचे अक्षर वडिलांच्या नावाचे. अर्जात आडनावाचा रकाना आला की तो वडिलांनाच तिथे बसवतो. आइसलँडमध्येही बहुतेकांच्या नावापुढे बापाचे किंवा आईचे नाव लागते, आणि मुलगा की मुलगी यानुसार त्याचा शेवट बदलतो.

कसबा बावडा : आमची नात 1 मे 2024 नंतरची असल्याने तिच्या सरकारी कागदांवर आधी तिचे, मग आईचे, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. नाव अंबिका, आत्याने 'कियारा' सुचवले होते, पण पणजीपुढे कोणाचे चालले नाही.