वेब पानावरील दुव्यावरून आपल्याच संगणकावरील स्क्रिप्ट चालवता येते का?

गाठबांधणी (प्रश्न)

नमस्कार. सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील एमआयडीसीत टेरी टॉवेलचा एक कारखाना आहे. तेथील डिस्पॅचचे काम माझ्याकडे आहे. दिवसभराच्या ऑर्डरींचे एक साधे एचटीएमएल पान ऑफिसच्या सर्व्हरवर असते आणि त्यात प्रत्येक ऑर्डरीसमोर ‘लेबल छापा’ असा दुवा असतो. तो दाबला की ऑर्डरीचा क्रमांक माझ्या संगणकावरील एका बॅच फाइलकडे (विंडोजने ओळीने पाळायच्या आदेशांची छोटी स्क्रिप्ट) जाई आणि गाठींवर चिकटवायची लेबले प्रिंटरमधून निघत. पूर्वीच्या एका सहकाऱ्याने ही सोय इंटरनेट एक्सप्लोररमध्ये करून ठेवली होती आणि ती कित्येक वर्षे बिनतक्रार चालली.

मागच्या महिन्यात जुना संगणक बंद पडला, विंडोज ११ असलेला नवा आला आणि तेव्हापासून दुवा मुका झाला आहे. दुव्यात बॅच फाइलचा सी ड्राइव्हवरील पत्ता दिला, तर क्रोममध्ये काहीच घडत नाही. तीच फाइल सर्व्हरवर पानाशेजारी ठेवली, तर ती चालण्याऐवजी डाउनलोड होते. सध्या क्रमांक हाताने टंकावा लागतो. काल ४५१२ ऐवजी ४५२१ टंकले गेले, चौदा गाठींवर भलत्याच गिऱ्हाइकाची लेबले लागली आणि पॅकिंगच्या महिलांनी ती नखांनी सोलून काढेपर्यंत ट्रान्सपोर्टचा टेम्पो गेटवर ताटकळत उभा होता. यावर काही उपाय आहे का?

मागातला_धागा

आपल्या संगणकात बिघाड नाही. जुन्या पानात बहुधा अ‍ॅक्टिव्हएक्सच्या आधारे (पानाला संगणकावरील प्रोग्राम वापरू देणारी जुनी सोय) विंडोजचे ‘शेल’, म्हणजे आदेश चालवणारा भाग, थेट हाकलेले असणार. ही मुभा केवळ इंटरनेट एक्सप्लोररमध्ये होती. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० वरील त्या ब्राउझरचा आधार थांबवला आणि विंडोज ११ मध्ये तर तो स्वतंत्र प्रोग्राम म्हणून दिलेलाच नाही. आजचे ब्राउझर सर्व्हरवरून आलेल्या पानाला आपल्या डिस्कवरील फाइल उघडू देत नाहीत, मग ती चालवू देणे दूरच. एफ१२ दाबून कन्सोल पाहिलात, तर स्थानिक फाइल उघडण्यास मनाई असल्याचा संदेश तेथे लाल अक्षरांत दिसेल. ही मनाई योग्यच आहे, कारण आपल्या पानाला जी मुभा मिळेल तीच उद्या कोणत्याही अनोळखी पानालाही मिळेल.

तरीही एक सरळ मार्ग आहे. ‘मेलटू’ने सुरू होणारा दुवा दाबला की मेलचा प्रोग्राम उघडतो, ‘टेल’ने सुरू होणारा दाबला की फोनचा. तसाच स्वतःचा एक दुवाप्रकार विंडोजमध्ये नोंदवता येतो. रजिस्ट्रीत (विंडोज आपल्या मांडण्या जेथे साठवते ती नोंदवही) ‘करंट यूजर’खाली ‘सॉफ्टवेअर’ आणि त्याखाली ‘क्लासेस’मध्ये ‘लेबलछापा’ नावाची नवी की, म्हणजे फोल्डरसारखी नोंद, तयार करावी. तीत ‘यूआरएल प्रोटोकॉल’ नावाचे स्ट्रिंग (मजकुराचे) मूल्य घालावे. ते रिकामेच असते, पण नसेल तर पुढचे काहीच चालत नाही. मग एकात एक अशा ‘शेल’, ‘ओपन’ आणि ‘कमांड’ या तीन की कराव्यात आणि शेवटच्या कीच्या डिफॉल्ट मूल्यात प्रोग्रामचा पूर्ण पत्ता व त्यापुढे अवतरणचिन्हांत %१ (दुव्यातून येणाऱ्या मजकुराची जागा) लिहावे. पानावरील दुवा मग ‘लेबलछापा:४५१२’ असा होईल. (मी वाचण्याच्या सोयीसाठी सारे देवनागरीत लिहितो आहे, प्रत्यक्षात ही नावे व आकडे रोमन लिपीतच टंकावेत.) या जागी नोंद करायला अ‍ॅडमिनचा पासवर्डही लागत नाही.

पार्क_चौक_पायथन

रजिस्ट्रीत हात घालण्याऐवजी पायथनमध्ये पंधरा-वीस ओळींचा सर्व्हर लिहून तो १२७.०.०.१ या, म्हणजे संगणकाच्या स्वतःच्याच, पत्त्यावर चालू ठेवावा आणि दुव्याने त्यालाच हाक मारावी. लिनक्स असो वा विंडोज, तोच कोड चालतो, शिवाय ब्राउझर मध्ये काही विचारतही नाही.

चाटी_गल्ली

ब्राउझर विचारत नाही, हाच त्या सर्व्हरचा दोष आहे. १२७.०.०.१ वर ऐकणाऱ्या सर्व्हरला केवळ आपलेच पान हाक मारते असे नाही. त्याच ब्राउझरमध्ये उघडलेले कोणतेही पान ती मारू शकते. जुलै २०१९ मध्ये मॅकवरील झूमच्या बाबतीत नेमके हेच उघड झाले होते: त्या प्रोग्रामने संगणकावर एक छोटा सर्व्हर ठेवला होता आणि एखाद्या संकेतस्थळाला त्याच्याद्वारे वापरकर्त्याला न विचारता कॅमेरा सुरू असलेल्या बैठकीत ओढता येत होते. सर्व्हर करायचाच असेल, तर गुप्त टोकन (परवलीचा शब्द) आणि ‘ओरिजिन’ची, म्हणजे हाक कोणत्या संकेतस्थळावरून आली याची, तपासणी हवी, म्हणजे पंधरा ओळींच्या साठ होतात.

नोंदवलेला दुवाप्रकार मला अधिक पसंत आहे, मात्र तोही आंधळेपणाने वापरू नये. मे २०२२ मध्ये गाजलेला ‘फोलिना’ हा दोष विंडोजमध्ये आधीपासून नोंदवलेल्या अशाच एका दुवाप्रकारातून आत शिरत होता. आपला ‘लेबलछापा’ हा दुवाही दुसरे एखादे पान वापरू शकते आणि त्यापुढे वाटेल तो मजकूर जोडू शकते. म्हणून तो मजकूर बॅच फाइलकडे कदापि देऊ नये. तेथे ‘अँड’चे चिन्ह (&) आले की पुढचा भाग वेगळा आदेश म्हणून चालण्याचा धोका असतो. त्याऐवजी पॉवरशेलची (विंडोजमधील नवी आदेशभाषा) स्क्रिप्ट ‘-फाइल’ या पर्यायाने चालवावी आणि तिच्या पहिल्याच ओळीत ० ते ९ या अंकांखेरीज काहीही आढळल्यास काम तेथेच थांबवावे. स्क्रिप्टने प्रिंट करण्यापलीकडे काही करू नये, आणि तो क्रमांक आजच्या ऑर्डरींत आहे की नाही हेही पाहावे. गेटवरचा वॉचमनही गाडी सोडण्यापूर्वी चलनावरचा नंबर ताडून पाहतोच.

गाठबांधणी

तिघांचेही आभार. पहिल्या प्रयत्नात लेबलावर क्रमांकाऐवजी ‘लेबलछापा:४५१२’ असे छापून आले. संपूर्ण दुवाच स्क्रिप्टला मिळतो, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. आता विसर्गचिन्हासारख्या त्या दोन टिंबांपर्यंतचा भाग कापून उरलेल्यावर अंकांची तपासणी लावली आहे आणि आजच्या सर्व लेबलांवर योग्य क्रमांक आले. एकच तक्रार उरली: क्रोम दर वेळी ‘हा प्रोग्राम उघडायचा का’ असे विचारतो आणि ‘नेहमी परवानगी द्या’ ही चौकट मला दिसत नाही. शिवाय रात्रपाळीचा मुलगा त्याच संगणकावर स्वतःच्या नावाने लॉगिन करतो, त्याच्याकडे दुवा अजिबात चालत नाही.

मागातला_धागा

आपले पान एचटीटीपीएसवर (सुरक्षित, कुलूपबंद जोडणीवर) नसल्यामुळे क्रोम ती चौकट दाखवत नाही. दिवसाला तीस-चाळीस लेबलेच निघत असतील, तर तो एक जादा क्लिक राहू द्यावा असे माझे मत आहे. रात्रपाळीचे कारण वेगळे आहे: आपण नोंद ‘करंट यूजर’खाली केली, म्हणून ती फक्त आपल्या लॉगिनपुरती आहे. हीच की ‘लोकल मशीन’खालील ‘सॉफ्टवेअर’ व ‘क्लासेस’मध्ये केली की सर्वांना लागू होईल, त्यासाठी मात्र अ‍ॅडमिनचा पासवर्ड लागेल. आणि स्क्रिप्ट आपल्या डेस्कटॉपवर ठेवली असेल, तर ती दोघांनाही वाचता येईल अशा, पण अ‍ॅडमिनखेरीज कोणालाही बदलता येणार नाही अशा फोल्डरात हलवावी.