मदत हवी आहे: एमआर स्पेक्ट्रोस्कोपीचा रिपोर्ट, गाठ परत आली की रेडिएशनचा परिणाम?

काकांचं मेंदूच्या गाठीचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी झालं. आयडीएच म्युटेशन (गाठीच्या पेशींतल्या एका जनुकातला बदल) असलेला ॲस्ट्रोसायटोमा (मेंदूच्या आधारपेशींची गाठ), मग रेडिएशन. आता त्याच जागी नवा डाग दिसतोय. एमआर स्पेक्ट्रोस्कोपी (एमआरआय मशीनवर मेंदूतली रसायनं मोजणारी तपासणी) केली, तिच्या रिपोर्टमध्ये कोलीन वाढलेलं, एनएए (एन-ॲसिटिल ॲस्पार्टेट) कमी, शिवाय लिपिड-लॅक्टेट (चरबी आणि लॅक्टिक आम्ल), आणि शेवटी ‘रिकरन्स किंवा रेडिएशन नेक्रोसिस’, म्हणजे गाठ परत आली किंवा रेडिएशननं तिथल्या पेशी मेल्या. थोडक्यात, आम्ही होतो तिथेच!

वाचून इतकं कळलं: कोलीन (आलेखावर ३.२ पीपीएमच्या जागी) पेशींची आवरणं झपाट्यानं बनत-मोडत असली की वाढतं, एनएए (२.०) शाबूत न्यूरॉन्सची खूण. गाठ असेल तर कोलीन चढतं, नुसता नेक्रोसिस असेल तर सहसा सगळंच खाली जाऊन लिपिड-लॅक्टेट उरतं. आमच्याकडे दोन्हीची खिचडी आहे.

फिल्म उजेडात धरून पाहिली. टीई (सिग्नल किती मिलिसेकंदांनी टिपला ती वेळ) १४४. १.३ जवळचं शिखर रेषेच्या खाली लोंबतंय, म्हणजे ते लॅक्टेट असावं. पण मोजणीचा चौकोन एकच आणि तोही कवटीला अगदी चिकटून. डोक्याच्या कातडीखालच्या चरबीचा सिग्नल त्यात मिसळतो म्हणतात. मग लिपिडवर कितपत विसंबायचं?

रेडिओलॉजी किंवा न्यूरोमधलं कुणी असेल तर सांगा: मल्टिव्हॉक्सेल (एकाऐवजी अनेक चौकोनांत मोजणी) करून घ्यावं, की आधी परफ्युजन (डागातला रक्तपुरवठा मोजणारं स्कॅन)? पहिल्या गाठीत आयडीएच म्युटेशन होतं, तर २.२५ जवळचं २-हायड्रॉक्सीग्लुटारेट (या म्युटेशनमुळे गाठीत साठणारं रसायन) मुद्दाम शोधायला सांगता येईल का? त्याला टीई वेगळा लावतात ना? डॉक्टर सोमवारी भेटणार आहेत, पाच मिनिटंच मिळतात, नेमकं काय विचारू?