अनुभव धागा: ग्रुपवर टाकलेला कसलाही फोटो

आमच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर परवा एकाने फोटो टाकला. सारवलेलं खळं, मधोमध निळी प्लास्टिकची खुर्ची आणि खुर्चीत फणस. खाली एक अक्षर नाही. मग सुरू झालं: 'सरपंच बसले.' 'चाकरमानी भाऊ वाटणी मागूक इलो.' 'कापो फणस की बरको ता आधी सांगा, मगे पाया पडतंय.' फोटो टाकणारा तोवर घोरत होता. फोटो जितका बिनकामाचा तितका दंगा मोठा, असं माझं मत आहे. सणाच्या शुभेच्छांवर कोणी एवढा जीव टाकत नाही. तुमचेही किस्से येऊ द्या.

सड्यावरचा:
राजापूर तालुक्यात कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, हत्तीचं भलंमोठं कातळशिल्प आहे, पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले. पण जवळ उभं राहून फोटो काढला की हत्तीबित्ती काही कळत नाही, जांभ्या दगडात नुसते चर दिसतात. मी मोठ्या हौसेने तसाच फोटो टाकला. पहिलं उत्तर: 'केबलवाले खोदून पळाले वाटतं.' दुसरा म्हणाला, आमच्या रस्त्यापेक्षा काम बरंय. ड्रोनवरून काढलेला फोटो शोधून टाकला, तेव्हा कुठे हत्ती पटला. पुढे 2022 मध्ये कोकणातली कातळशिल्पं पॅरिसच्या युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेल्याची बातमी आली. केबलवाला मित्र लगेच हजर: 'म्हणजे आता चर बुजवायला पॅरिसची परवानगी!'

चिपळूणची लेक:
2024 च्या पावसात आमच्याकडे रस्त्यावरून मगर चालत निघाली होती, तो व्हिडिओ बहुतेकांनी पाहिला असेल. त्यातलं एक चित्र मी पुण्याच्या मैत्रिणींना पाठवलं. सगळ्यांचं एकच, 'खोटं आहे, एआय आहे.' अगं, आमच्या वाशिष्ठी नदीत मगरी असतातच! तासभर समजावल्यावर एक म्हणाली, 'असेल बाई. परशुराम घाट बंद म्हणून पायी निघाली असेल.' ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

बंदरावरून:
1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद. नेमक्या त्या दिवसांत आमचा एक मित्र 'आजची ताजी सुरमई' म्हणून फोटो टाकतो. गेल्या खेपेला कोणीतरी सुरमईचा डोळाच मोठा करून परत पाठवला. खाली ओळ: 'हिने गेल्या गणपतीतले मोदक बघितलेत.'

मधलं घर:
आमच्या काकीचं बोट कायम कॅमेऱ्यावर. आम्ही पोरं ओळखायचो, हे आंबोलीचं धुकं, हा कुणकेश्वरचा सूर्यास्त. आता ती मुद्दाम बोट ठेवून काढते आणि विचारते, 'मेल्यांनो, आजचो खंयचो?'

एसटीवाला:
थोडा वेगळा सूर लावतो. आमच्या गावच्या स्टँडवर तोंड उघडं टाकून झोपलेल्या एका आजोबांचा फोटो कोणीतरी काढला. त्याचा स्टिकर झाला, दहा वाड्यांत फिरला, आणि फिरत फिरत त्यांच्या मुलीच्या फोनवर गेला. ती ग्रुपवर काहीच बोलली नाही, नुसती बाहेर पडली. फणसाला खुर्चीत बसवा, मगरीला घाट चढवा, काकीची तर स्वतःचीच हौस आहे. झोपलेल्या माणसाला कोणी विचारलं होतं?

सड्यावरचा:
एसटीवाले, शंभर टक्के. आमच्याकडे असे स्टिकर टाकणाऱ्याला कोणी हसतच नाही. दोनदा गप्प बसलो की तो आपोआप फणसावर येतो.

आंबेवाली:
मग आंब्याचं ऐका. एकाने कापलेल्या आंब्याचा फोटो टाकून विचारलं, ओळखा कुठला. देवगडवाले म्हणाले, साल बघा किती पातळ, आमचाच. रत्नागिरीवाले म्हणाले, रंग बघा, आमचाच. 2018 चं हापूसचं भौगोलिक मानांकनही मध्ये आलं. एकाने तर चक्क लिहिलं, 'वासावरून कळतं.' फोटोचा वास! रात्री वेंगुर्ल्याच्या त्या फोटोवाल्याने तोंड उघडलं: 'पायरी आसा ती.'