ॲलिस कूपर बँड: पहिले दोन अल्बम फुसके आणि तिसऱ्यापासून रॉकेट, मधे नक्की झालं काय?

तबकडीप्रेमी:
मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. आमच्या पिढीला ॲलिस कूपर म्हणजे ८९ चं 'पॉयझन', केबलवर लागायचं, डोळ्यांखाली काळं फासलेला लांब केसांचा काका. पण मुळात हे पाच जणांच्या बँडचं नाव, गाणारा व्हिन्सेंट फर्निअर (हाच तो काका, पुढे ॲलिस म्हणूनच ओळखला जाणारा), गिटारवर ग्लेन बक्स्टन आणि मायकल ब्रूस, बेसवर डेनिस डनवे, ड्रमवर नील स्मिथ. ह्यांचे अल्बम मी सध्या ओळीने ऐकतोय. १९६९ चा 'प्रिटीज फॉर यू' पूर्ण ऐकवत नाही, खरंच सांगतो, गाणं सुरू होतंय म्हणेपर्यंत तिसरीकडेच वळतं. १९७० चा 'ईझी ॲक्शन' जरा बरा पण तोही लक्षात राहत नाही. आणि मग १९७१ चा 'लव्ह इट टू डेथ' लावला तर च्यायला हा वेगळाच बँड! माणसं तीच पाच.

सगळीकडे वाचायला मिळतं की हे लोक साप, फाशी, कोंबडी असल्या चाळ्यांमुळे गाजले. पण चाळे तर ६९ लाही चालूच होते ना? तरी पहिला अल्बम बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या खपाच्या यादीत, १९३ च्या वर गेला नाही. म्हणजे नुसत्या धक्क्याने रेकॉर्ड खपत नव्हती. मग खपायला लागली कशाने? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

गोंगाटराव:
एका नावात उत्तर: बॉब एझ्रिन.

बँडला खरा हवा होता जॅक रिचर्डसन, टोरंटोचा, 'गेस हू' ह्या बँडचा प्रोड्यूसर. त्याला ही मंडळी अजिबात नको होती, म्हणून त्याने ऑफिसातल्या ह्या पोराला पाठवलं, जा आणि कटव त्यांना. एझ्रिन तेव्हा एकवीस वर्षांचा. त्याने न्यूयॉर्कला मॅक्सेस कॅन्सस सिटी ह्या क्लबमध्ये शो बघितला आणि उलट येऊन साहेबाच्याच मागे लागला की आपण हे करायचंच. 'आय ॲम एटीन' हे मूळचं आठ मिनिटांचं रेंगाळत चाललेलं जॅम होतं, त्याने ते तीन मिनिटांच्या आत आणून बसवलं. बाकी काय केलं विचाराल तर खोडरबर चालवलं. दहा आयडिया एका गाण्यात कोंबायच्या ही ह्यांची खोड, त्याने नऊ काढायला लावल्या. डेट्रॉइटजवळ पाँटिॲकला शेतावरच्या घरात बँड राहायचा, तिथे तासन्तास बसवून एकेक भाग घोटून घेतला आणि मग शिकागोला जाऊन रेकॉर्ड केलं. नोव्हेंबर ७० ला सिंगल आलं, बिलबोर्डवर २१ पर्यंत गेलं. ते चाललं म्हणून वॉर्नर ह्या रेकॉर्ड कंपनीने अल्बम करू दिला, आधी नाही.

पुढे ह्याच माणसाने किस ह्या बँडचा 'डिस्ट्रॉयर' अल्बम केला, पिंक फ्लॉइडच्या 'द वॉल'मध्ये हात होता. एवढं पुरे.

नाक्यावरचा_ड्रमर:
गोंगाटराव अर्धं बरोबर. एझ्रिनला कच्चा माल तयार मिळाला तो डेट्रॉइटमुळे, हे कोणी बोलत नाही.

जरा मागून सांगतो. फिनिक्स, ॲरिझोना इथली ही शाळकरी पोरं, कॉर्टेझ हायस्कूल. ६४ ला शाळेच्या कार्यक्रमात बीटल्सची नक्कल म्हणून 'इअरविग्ज' नावाने उभी राहिली, त्यातल्या बहुतेकांना वाजवताच येत नव्हतं, शाळेच्या पळण्याच्या टीममधले दोस्त सगळे. मग वाजवायला शिकले आणि 'स्पायडर्स' झाले, गावातल्या व्हीआयपी क्लबमध्ये कायमचा बँड, आणि तिथेही मागे भलंमोठं कोळ्याचं जाळं लावून वाजवायचे. म्हणजे नेपथ्याची हौस पहिल्यापासून. ६६ ला त्यांचं एक गाणं फिनिक्सपुरतं हिट पण झालं. मग 'नॅझ' नाव घेतलं तर टॉड रंडग्रेनचा त्याच नावाचा बँड निघाला, म्हणून ६८ ला ॲलिस कूपर. ऐकून लोकांना वाटावं कोणी गोड आवाजाची बाई गिटार घेऊन गाणार आहे, आणि स्टेजवर बायकी कपडे घातलेले पाच राक्षस.

आता लॉस एंजेलिसला ह्यांना कुत्रं विचारत नव्हतं. चीता क्लबमध्ये वाजवायला लागले आणि हॉल रिकामा झाला. फ्रँक झापा ह्या संगीतकाराने आपल्या रेकॉर्ड लेबलवर घेतलं खरं, पण त्याला विचित्र माणसं जमवायचा शौक, गाणं नीट व्हावं ह्याच्याशी घेणंदेणं कमी. तिथली पब्लिक शांत, फुलंबिलं घातलेली. ७० मध्ये हे डेट्रॉइटला गेले, जिथे फर्निअर जन्मलेला. तिथे स्टूजेस आणि एमसी-फाइव्ह असले दणकट बँड वाजवायचे, कारखान्यातून सुटून आलेली पोरं समोर. ह्या पब्लिकला गाण्यात मधेच वेगळी चाल, वेगळा ताल असले उद्योग चालत नाहीत, दोन मिनिटांत बाटली येते अंगावर. ड्रमर म्हणून सांगतो, 'एटीन'मध्ये नील स्मिथ जेवढा कमी वाजवतो ना तेवढा तो पहिल्या अल्बमवर एक मिनिट गप्प बसला नसेल. हे स्टुडिओत शिकवून येत नाही, रोज रात्री वेगळ्या गावात, वेगळ्या हॉलमध्ये वाजवून येतं. आणि सीकेएलडब्ल्यू विसरू नका, नदीपलीकडे विंडसरचं कॅनडाचं रेडिओ स्टेशन, डेट्रॉइटभर ऐकू यायचं, त्यांनी 'एटीन' लावून धरलं. बँडवालेच नाव बदलून फोन करून फर्माईश करायचे असं ते स्वतःच हसत सांगतात.

उगाच_आलो:
ते सगळं ठीक, कोंबडीचं काय झालं ते सांगा आधी 😄

जुनाटकॅसेट:
@उगाच_आलो घ्या कोंबडी.

१३ सप्टेंबर १९६९, टोरंटो, व्हार्सिटी स्टेडियम. जुन्या रॉक अँड रोलवाल्यांचा मेळा, चक बेरी, लिटल रिचर्ड, वर जॉन लेनन आणि डोअर्स. त्याच दिवशी जीन व्हिन्सेंट ह्या जुन्या रॉक गायकाला साथ करायलाही हाच बँड उभा होता, हे फार कमी लोकांना माहीत असतं. ह्यांच्या स्वतःच्या शोच्या शेवटी उशा फाडून पिसं उडवायची, धूर सोडायचा. त्या पिसांत कुठून तरी एक जिवंत कोंबडी स्टेजवर. फर्निअर शहरात वाढलेला, पंख आहेत म्हणजे उडणार, फेकली पब्लिकवर. पब्लिकने तिचे तुकडे केले आणि परत स्टेजवर फेकले. दुसऱ्या दिवशी पेपरात: ॲलिस कूपरने कोंबडीचं मुंडकं तोडून रक्त प्यायलं!

झापाचा फोन आला, खरंच केलंस का? हा म्हणाला नाही. झापा म्हणाला मग कोणाला सांगू नकोस. हा किस्सा ॲलिस गेली पन्नास वर्षं सांगतोय आणि दर वेळी थोडा रंगवतो, तेव्हा मीठ घेऊन ऐका.

पण तबकडीप्रेमींचा मुद्दा इथेच सिद्ध होतो. कोंबडी ६९ ची, नंतर सहा महिन्यांत आलेला 'ईझी ॲक्शन' चार्टवर आलाच नाही. बदनामी मिळाली, गिऱ्हाईक नाही.

सकाळची_लोकल:
प्राण्याचा जीव जातो, लहान मुलं मेली असली गाणी म्हणतात आणि आपण इथे रसग्रहण करतोय. धन्य आहे. गाता येत नाही म्हणून हे असले प्रकार करावे लागतात.

जुनाटकॅसेट:
कोंबडीचं तुमचं म्हणणं मान्य, ते वाईटच झालं. पण 'डेड बेबीज' एकदा ऐकून बघा. आईबाप लक्ष देत नाहीत आणि छोटी पोरगी फडताळातल्या ॲस्पिरिनच्या गोळ्या खाऊन मरते, असं गाणं आहे ते. स्टेजवर ॲलिस बाहुलीचे तुकडे करायचा आणि लगेच त्याला फासावर चढवायचे. गुन्हा केला की शिक्षा, ह्या हिशोबाने सगळा शो रचलेला. 'लव्ह इट टू डेथ'च्या टूरला वेड्यांचं जॅकेट आणि विजेची खुर्ची, 'किलर'च्या टूरला फाशी, ७३ ला गिलोटिन. आणि मेल्यावर शेवटी पांढरा सूट, पांढरी टोपी घालून परत हजर. चर्चमध्ये उपदेश करणाऱ्या बापाचा मुलगा आहे तो, पाप आणि शिक्षा घरातच शिकलेला.

नेपथ्यवाला:
मी हौशी नाटकांना लाइट करतो म्हणून माझ्या बाजूने थोडं. ६९ चा शो आणि ७१ चा शो ह्यात फरक एवढाच की आधी वस्तू होत्या, नंतर गोष्ट झाली. पिसं, धूर, अग्निशामक नळकांडं, जे हाताला लागेल ते चालू होतं, त्याचा गाण्याशी संबंध शून्य. 'बॅलड ऑफ ड्वाइट फ्राय' आलं आणि पहिल्यांदा प्रॉपर्टीला, म्हणजे स्टेजवरच्या वस्तूंना, कारण मिळालं. वेड्यांच्या इस्पितळातला माणूस, गाणं मधेच एकदम हळू होतं आणि तो 'मला बाहेर जायचंय' म्हणून पुन्हा पुन्हा विनवतो, आवाज चढत जातो. स्टेजवर नर्स येऊन त्याला घेऊन जायची आणि जॅकेटमध्ये बांधून परत आणायची. ती नर्स म्हणजे ड्रमरची बहीण सिंडी, बँडचे कपडे पण तीच शिवायची, पुढे डनवेशी लग्न केलं. सगळा घरगुती कारभार! गिलोटिनच्या वेळी मात्र पक्का माणूस आणला, जेम्स रँडी, जादूगार, तोच जल्लाद बनून उभा राहायचा आणि वेडा डेंटिस्ट पण तोच.

त्यामुळे एझ्रिन की डेट्रॉइट की शो हा वाद मला पटत नाही, गाणं आखूड आणि स्पष्ट झालं तेव्हाच त्याच्यावर प्रयोग बसवता आला. आधीच्या गाण्यांवर कोणी काय बसवणार, ती स्वतःच जागेवर नव्हती.

गोंगाटराव:
+१. हे मी मान्य करतो.

बिनतिकीट:
अहो शेप गॉर्डनचं नाव कोणी घेईल की नाही? चीताचा हॉल रिकामा झाला तेव्हा बाकीचे पळाले आणि हा मॅनेजर म्हणाला, जो बँड एवढ्या लोकांना एवढ्या पटकन चिडवू शकतो त्याला पैसे मिळालेच पाहिजेत. साधं गणित, आईबापांना राग आला की पोरं रेकॉर्ड घेणार.

१९७२, लंडन, वेम्बलीच्या एम्पायर पूलचा शो, तिकिटं जात नव्हती. गॉर्डनने काय करावं, ॲलिसचा उघडा फोटो, लाज झाकायला फक्त साप, तो भल्या मोठ्या ट्रकवर लावला आणि ट्रक पिकाडिली सर्कसला ऐन गर्दीच्या वेळी 'बंद पडला'. ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवलेलं. ट्रॅफिक तुंबलं, फोटोग्राफर आले, पेपरात आलं, शो हाऊसफुल्ल. त्याच उन्हाळ्यात 'स्कूल्स आऊट' हे गाणं इंग्लंडात एक नंबर, अमेरिकेत सात. टीव्हीवरच्या अश्लीलतेविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या मेरी व्हाइटहाऊस बाईंनी बीबीसीकडे तक्रार केली तर ह्यांनी बाईंना फुलं पाठवली, एवढी फुकट जाहिरात कोण करतं! त्याच नावाच्या अल्बमचं कव्हर शाळेच्या बाकासारखं उघडणारं आणि आत तबकडीला कागदी चड्डी घातलेली. तो अल्बम अमेरिकेत दोन नंबर. पुढच्या वर्षी 'बिलियन डॉलर बेबीज' दोन्हीकडे एक नंबर, कव्हर सापाच्या कातडीच्या पाकिटासारखं. ब्रिटनमध्ये लिओ अब्से नावाचा खासदार ह्यांच्यावर बंदी घाला म्हणत होता, त्यालाही खरं तर फुलं पाठवायला हवी होती.

तबकडीप्रेमी:
वा, धागा काढल्याचं सार्थक झालं. नेपथ्यवाल्यांचा मुद्दा सगळ्यात पटला. मग एक उपप्रश्न, एवढं जमलेलं असताना ७४ लाच फुटले का? 'मसल ऑफ लव्ह' ऐकला, वाईट नाही पण दमल्यासारखा वाटतो.

नाक्यावरचा_ड्रमर:
दमलेच होते ना. ७१ ते ७३ मध्ये पाच अल्बम आणि त्याच्या मधेमधे टूर. ७३ ची अमेरिकेतली टूर तर तीन महिन्यांत ६० च्या आसपास शो, विमान, सामानाचे ट्रक, रोज रात्री मान कापून घ्यायची. ग्लेन बक्स्टन दारूत बुडालेला, 'बिलियन डॉलर'वर बऱ्याच ठिकाणी गिटार बाहेरच्यांची आहे, स्टीव्ह हंटर, डिक वॅगनर. त्या टूरवरही जादा गिटारिस्ट घ्यायला लागला. ज्याने ह्या पोरांना मुळात वाजवायला शिकवलं तोच स्टेजवर कोपऱ्यात नावापुरता उभा. 'मसल'ला एझ्रिनही नव्हता. नंतर काहींना शो कमी करून गाण्याकडे वळायचं होतं, ॲलिसला उलट अजून मोठा शो हवा होता. ७५ ला त्याने एझ्रिनला घेऊन एकट्याने 'वेलकम टू माय नाइटमेअर' केला आणि वाजवायला कोण, तर तेच हंटर आणि वॅगनर. नाव त्याच्याकडे गेलं, उरलेल्या चौघांना पब्लिक विसरली. बक्स्टन ९७ ला गेला. २०११ ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं ते मात्र पूर्ण बँडला, आणि २०२५ ला ॲलिससकट हयात असलेले चौघं परत एकत्र अल्बम करून बसले, तोही एझ्रिनबरोबर.

उगाच_आलो:
काहीच न ऐकलेल्याने कुठून सुरू करावं? 'पॉयझन' सोडून.

गोंगाटराव:
'किलर'. 'स्कूल्स आऊट'चं टायटल गाणं सगळ्यांना माहीत असतं पण तो अल्बम मधे मधे भरकटतो. 'किलर'मध्ये एक मिनिट फुकट नाही. आणि मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका राव, डनवेचा बेस ऐकूच येणार नाही, अर्धी गाणी तोच चालवतोय.